बँकॉक ते अंकोर : छत्तीस दिवस, चार देश, शक्यतो जमिनीवरून

थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया या चार देशांच्या फेरीचा जुना ठरलेला मार्ग म्हणजे बँकॉकहून सुरुवात आणि सिएम रीपहून बसने परत बँकॉक. २०२५ च्या सीमासंघर्षात थायलंड-कंबोडियामधल्या जमिनीवरच्या चौक्या बंद झाल्या आणि ते वर्तुळ तुटलं. म्हणून खालचा मार्ग वर्तुळ नाही, एकेरी आहे: बँकॉकमध्ये उतरायचं आणि कंबोडियातून विमानाने परतायचं. तिकिटंही तशीच काढावीत, जातानाचं एका शहराचं, येतानाचं दुसऱ्या.

छत्तीस दिवसांत चार देश ऐकायला निवांत वाटतात. प्रत्यक्षात यातले बारा-तेरा दिवस गाडी, बोट आणि सीमाचौकी खातात. नकाशावर आधी हे प्रवासाचे दिवस भरावेत, उरलेल्यात मुक्काम बसवावेत. उलट केलं की तिसऱ्या आठवड्यात माणूस हॉटेलात झोपून काढतो.

निघायला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा बरा. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं-रानं जाळतात, धुराने समोरचा डोंगर दिसत नाही. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर येतात, डिसेंबरात पाऊस ओसरत जातो. व्हिएतनामी नववर्ष ‘तेत’ २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात कधीही येतं. त्या आठवड्यात रेल्वे भरलेली आणि दुकानं बंद, तेव्हा ते टाळावंच.

पाठीवर ४० लिटरची बॅग आणि वजन ८-९ किलो, त्याहून जास्त नको. जवळ ४०० डॉलर रोख हवेत, नव्या कोऱ्या नोटांत. शाईचा ठिपका किंवा कोपऱ्याला बारीक फाट असलेली नोट लाओसच्या चौकीवर आणि कंबोडियात सरळ परत देतात. पासपोर्ट आकाराचे आठ फोटो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी असावी आणि चार-पाच कोरी पानं असावीत, कारण लाओसचा व्हिसा अख्खं पान व्यापतो.

दिवस १ : मुंबई ते बँकॉक

थेट विमान साडेचार तासांच्या आत पोचवतं. घड्याळ दीड तास पुढे. भारतीयांना थायलंडला आधी व्हिसा काढावा लागत नाही. १५ जुलै २०२४ पासून ही सवलत ६० दिवसांची झाली. असे नियम बदलत असतात, तिकिटाआधी एकदा पाहावं. या मार्गाला थायलंडमध्ये आठवडाभरच लागतो. मात्र मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. ते पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं शोधयंत्रात वर दिसतात, ती दलालांची.

सुवर्णभूमी विमानतळावरून एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाईपर्यंत ४५ बाहत आणि साधारण अर्धा तास. टॅक्सी यापेक्षा दहापट महाग आणि संध्याकाळी दुप्पट उशिराची. एटीएम प्रत्येक वेळी २२० ते २५० बाहत कापतं, म्हणून थोडे थोडे काढू नयेत, एकदम काढावेत. यंत्र ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारतं, तिथे नकार द्यावा. होकार दिला की त्यांचा दर लागतो, आणि तो नेहमी वाईट असतो. हे चारही देशांत लागू.

दिवस २ व ३ : बँकॉक

राजवाडा साडेआठला उघडतो, ५०० बाहत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी चालत नाही. बाहेर कुणी गोड आवाजात ‘आज वाडा बंद आहे, दुसरं देऊळ दाखवतो’ म्हणाला की तो टुकटुकवाला दागिन्यांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेणार. वाडा बंद आहे की नाही ते फक्त फाटकावर कळतं. तिथून वाट फो (‘वाट’ म्हणजे देऊळ) पायी आणि मग नदी ओलांडून वाट अरुण. पलीकडे जायला पाच बाहतची होडी आहे, पर्यटक-बोटीचं तिकीट काढायची गरज नाही.

शाकाहारी माणसाने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी पाठ कराव्यात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ (เจ) दिसलं की तिथे मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही नाही. जैन मंडळींना तर हे वरदानच. एरवीच्या ठेल्यावर ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे माशाचं पाणी घालू नका. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाज्याच येतात, पण त्यावर तोच रस्सा असतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिआंग माईची रात्रगाडी. जानेवारी २०२३ पासून लांबच्या गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगवरून नाही, क्रुंग थेप अपिवात स्थानकावरून सुटतात. जुनी माहिती वाचून चुकीच्या स्थानकावर गेलेली माणसं अजून भेटतात. नऊ क्रमांकाची गाडी पावणेसातच्या सुमारास सुटते आणि सकाळी सातनंतर पोचते, अंतर साधारण साडेसातशे किलोमीटर. दुसऱ्या वर्गाचा वातानुकूलित बर्थ हजार बाहतच्या आसपास. खालचा बर्थ थोडा महाग पण रुंद, त्याला खिडकीही असते, तेव्हा तोच घ्यावा. शनिवार-रविवार लागून असेल तर आठवडे आधी भरतो. रात्रभर एसी कडाक्याचा चालतो, स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नये.

दिवस ४ ते ६ : चिआंग माई

१२९६ मध्ये वसवलेलं हे शहर खंदकाच्या चौकोनात आहे, एकेक बाजू दीड किलोमीटरची. मुक्काम चौकोनाच्या आतच घ्यावा म्हणजे सगळं पायी होतं. लाल रंगाच्या ‘सोंगथाऊ’ म्हणजे आपली वडाप: हात दाखवायचा, ठिकाण सांगायचं, ड्रायव्हरने मान हलवली की मागे बसायचं. चढण्याआधी भाव विचारला तर तो अख्खी गाडी भाड्याने हवी असं समजतो आणि पाचपट सांगतो. डोई सुथेपच्या देवळापर्यंत पंधरा किलोमीटर घाट आहे. तिथे जाणारी गाडी माणसं भरल्यावरच सुटते, म्हणून सकाळी आठच्या आत जावं.

स्कूटर घ्यायची असेल तर भारतातून आंतरराष्ट्रीय परवाना आणावा. आरटीओ देतं, त्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का हवा. तो परवाना थायलंडला चालतो. व्हिएतनामला चालत नाही, त्याचं कारण हुएच्या दिवशी.

दिवस ७ : चिआंग राईमार्गे चिआंग खोंग

सकाळच्या बसने चिआंग राई, साडेतीन तास. १९९७ पासून बांधकाम सुरू असलेलं पांढरं देऊळ शहराच्या अलीकडे तेरा किलोमीटरवर याच रस्त्याला आहे. ड्रायव्हरला सांगून तिथेच उतरता येतं, पण मग पुढची गाडी शोधण्यात तास जातो. चिआंग राईच्या जुन्या बसस्थानकावरून लाल रंगाची लोकल बस चिआंग खोंगला दोन-अडीच तासांत नेते. शेवटची दुपारीच सुटते. रात्र चिआंग खोंगलाच काढावी. चिआंग राईला राहून सकाळी सीमा गाठू म्हणणाऱ्यांची बोट हटकून चुकते.

दिवस ८ : सीमा आणि मेकाँगवरची संथ बोट

या प्रवासातला सगळ्यात गुंतागुंतीचा अर्धा दिवस हाच, म्हणून सावकाश सांगतो. २०१३ च्या डिसेंबरात चौथा मैत्रीपूल झाला. त्याआधी गावातूनच होडीने पलीकडे जात, आता परदेशी माणसाला पूलच. तो गावाच्या दक्षिणेला दहा किलोमीटरवर आहे. साडेसातला टुकटुक पकडून आठला चौकीवर पोचावं. थाई बाजूला निर्गमनाचा शिक्का. पूल पायी ओलांडू देत नाहीत, वीस-पंचवीस बाहतची बस घ्यावीच लागते. पलीकडे उतरल्यावर डाव्या-उजव्या रांगा न बघता आधी फॉर्म उचलावा: व्हिसाचा एक, आगमनाचा एक. दोन्ही बसमधून उतरणाऱ्या घोळक्याच्या आधी भरून झाले तर अर्धा तास वाचतो. भारतीयांना व्हिसा चौकीवरच मिळतो, ३० दिवसांचा, शुल्क ४० डॉलरच्या आसपास. बाहतमध्ये भरलं तर दर लावून जास्त घेतात. फोटो नसेल तर त्याचेही वेगळे पैसे. खिडकी एक पासपोर्ट घेते आणि दुसरी परत देते, मधल्या वेळेत किप (लाओसचं चलन) बदलून घ्यावेत.

लाओसच्या बाजूच्या हुआय साई गावाच्या वरच्या अंगाला लुआंग प्रबांगला दोन दिवसांत नेणाऱ्या बोटीचा धक्का, चौकीपासून साधारण बारा किलोमीटर. साडेनऊ-दहाला तिथे हजर. बोट अकरा-साडेअकराला सुटते असं म्हणतात, पण भरली की आधीही सुटते. तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवर काढावं. चिआंग माईच्या दलालाकडून घेतलं तर तेच तिकीट सोय-सुविधांच्या नावाखाली महाग पडतं. तिकिटावरचा आसनक्रमांक बहुधा कुणी पाळत नाही.

बोट लांबलचक लाकडी. आसनं जुन्या गाड्यांची काढून आणलेली असतात आणि कित्येकदा जमिनीला ठोकलेली नसतात. इंजीन मागे, शौचालयही मागेच. मागच्या तिसऱ्या भागात बसलं तर सहा तास बोलणं ऐकू येत नाही आणि डिझेलचा वास वेगळा. पुढचा टोकाचा भाग सकाळी गार वाऱ्याचा. मधली जागा बरी. मोठ्या बॅगा फळीखाली जातात आणि रात्रीच्या मुक्कामाच्या पाकबेंगपर्यंत हाती लागत नाहीत, म्हणून पाणी, जाकीट, पासपोर्ट, औषध आधी काढून घ्यावं. खायला धक्क्यावर पाव-अंड्याचं सँडविच मिळतं. बोटीवर चहा, बिअर आणि कपातल्या शेवया, त्याही दुप्पट भावाने.

‘फास्ट बोट’ म्हणून एक प्रकार आहे, सहा-सात तासांत लुआंग प्रबांग. हेल्मेट घालून गुडघे छातीशी घेऊन बसायचं. कोरड्या दिवसांत नदीतले खडक वर आलेले असतात आणि अपघात होतात. घेऊ नये.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पाकबेंग. काठ उभा चढाचा. वर जाताना कुणी बॅग उचलली तर आधी पैसे ठरवावेत. एका रस्त्याचं गाव, दोन्ही बाजूंना गेस्टहाउसं. खोली बघूनच घ्यावी आणि गरम पाण्याचा नळ स्वतः उघडून पाहावा.

दिवस ९ : पाकबेंग ते लुआंग प्रबांग

नऊला सुटते, पण बोट कालचीच असेल असं नाही. धक्क्यावर साडेआठला उतरावं. आज नदी अरुंद, दोन्ही काठ जंगलाचे. दुपारनंतर उजवीकडच्या चुनखडीच्या कड्यासमोर ऊ नदी येऊन मिळते आणि पाक ऊच्या बुद्धमूर्तींच्या गुहा दिसतात. बोट तिथे थांबत नाही. या पट्ट्यात मेकाँगवर धरणाचं मोठं काम चालू आहे, त्यामुळे वेळा आणि धक्के पुढेमागे होतात. उतरवतात ते शहरापासून दहा किलोमीटर आधी. तिथून टुकटुकची खिडकी, माणशी ठरलेला दर, घासाघीस नाही. बॅगा घेऊन पायी निघणारे दोन-चार जण रोज असतात, आणि अर्ध्या वाटेत तोच टुकटुक थांबवतात.

दोन दिवस लाकडावर बसल्यावर दहाव्या दिवशी काहीही ठरवू नये.

दिवस १० ते १३ : लुआंग प्रबांग

१९९५ पासून जागतिक वारसा. मेकाँग आणि नाम खान यांच्या बेचक्यातली जीभ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अर्ध्या तासाची चाल. टोकाला वाट शिएंग थोंग, सोळाव्या शतकातलं, जमिनीपर्यंत उतरलेल्या छपरांचं. नाम खानवर बांबूचा पूल फक्त कोरड्या दिवसांत असतो. दर वर्षी पावसाआधी काढतात, पाणी उतरलं की पुन्हा बांधतात, आणि ओलांडायला बांधणारे थोडे किप घेतात.

पहाटे साडेपाचला भिक्खू भिक्षेला निघतात. मुख्य रस्त्यावर याचा तमाशा झाला आहे: प्लास्टिकच्या खुर्च्या, चिकट भाताच्या टोपल्या विकणाऱ्या बायका, तोंडासमोर कॅमेरे. एक गल्ली आत गेलं की घरच्या माणसांची खरी रांग दिसते. रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं, फ्लॅश नाही, बोलणं नाही. भात फेरीवाल्याकडून घेऊन वाढू नये. तो बहुधा शिळा असतो, खाणार भिक्खूच.

कुआंग सी धबधबा ३० किलोमीटरवर. सकाळी आठच्या सामायिक व्हॅनने गेलं तर दहाच्या गर्दीआधी पाणी निळंशार मिळतं.

जेवणात इथला चिकट भात हातानेच खायचा, लहान गोळा करून चटणीत बुडवून. पण ‘जेऊ बोंग’ ही लाल मिरचीची चटणी शाकाहारी समजू नये, तिच्यात म्हशीचं कातडं असतं. नदीतल्या शेवाळाचे तीळ लावून वाळवलेले, तळलेले पापड मात्र घ्यावेत. इथे नाम पा (थायलंडमधलं नाम प्ला) असतंच, शिवाय ‘पादेक’ म्हणजे आंबवलेली मासळी बहुतेक भाज्यांत जाते, म्हणून ‘बो साय नाम पा, बो साय पादेक’ असं दोन्ही सांगावं.

दिवस १४ व १५ : रेल्वेने व्हिएंतियान

डिसेंबर २०२१ मध्ये चीनपासून आलेली रेल्वे सुरू झाली आणि डोंगरातला दहा तासांचा बसचा हाल दोन तासांवर आला. स्थानक शहराबाहेर, व्हॅनला पाऊण तास धरावा आणि गाडीच्या तासभर आधी पोचावं. तपासणी विमानतळासारखी. चाकू, कात्री तर जातातच, पण डिओचा आणि डासांचा फवाराही काढून घेतात. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट जुळवून बघतात. तिकिटं दोन-तीन दिवस आधी संपतात, लुआंग प्रबांगला पोचल्याच दिवशी पुढचं काढावं.

वाटेत वांग वियेंगला उतरता येतं. उतरलात तर एकच गोष्ट ध्यानात ठेवावी: नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा पर्यटक दगावले. फुकट ‘शॉट’ आणि सुटी दारू अजिबात नाही, बंद बाटलीतली बिअर ठीक.

व्हिएंतियानमध्ये दिवस पुरतो. कोप केंद्र चुकवू नये. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यातले न फुटलेले छोटे गोळे आजही शेतात सापडतात. हात-पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव करण्याचं काम या केंद्राशी जोडलेलं आहे. ग्रामीण लाओसमध्ये मळलेली वाट सोडून झुडपात का शिरू नये, हे तिथून बाहेर पडताना सांगावं लागत नाही. निघण्याआधी उरलेले किप डॉलरमध्ये बदलावेत. देशाबाहेर ते कुणी घेत नाही.

दिवस १६ : व्हिएंतियान ते हनोई

बस २२ ते २४ तास घेते. झोपायचे बर्थ साडेपाच फुटांच्या माणसाच्या मापाचे, मधल्या वाटेत पोती. पहाटे चारच्या सुमारास बस काऊ त्रेओच्या चौकीवर पोचते आणि सात वाजता चौकी उघडेपर्यंत डोंगरातल्या थंडीत उभी राहते. शिक्क्यासाठी दोन्ही बाजूंना किरकोळ पैसे मागतात. विमान सव्वा तासाचं. आमचं मत सरळ आहे: सगळ्या मार्गात पैसे खर्चून टाळावा असा टप्पा एवढाच.

काय निवडता ते मात्र महिनाभर आधी ठरायला हवं, कारण व्हिएतनामच्या ई-व्हिसावर प्रवेशाचं ठिकाण लिहावं लागतं. विमान असेल तर नोई बाय (हनोईचा विमानतळ), बस असेल तर काऊ त्रेओ. ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांचा मिळतो, एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. अर्जात सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्यात असतं. अर्जात वडिलांचं नाव गाळलं की व्हिसा येतो, पण विमान कंपनी काउंटरवर अडवते. पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींत जसं आहे तसंच, त्याच क्रमाने. शुल्क परत मिळत नाही, दुरुस्तीपेक्षा नवा अर्ज लवकर होतो.

दिवस १७ व १८ : हनोई

नोई बायवरून ८६ क्रमांकाची बस जुन्या वस्तीत ४५,००० डोंगमध्ये. नोटा नीट पाहाव्यात: २०,००० आणि ५,००,००० दोन्ही निळ्या. अंधारात टॅक्सीवाल्याला दुसरी देऊन पहिली दिली असं ऐकून घेणारे बरेच. मोठी नोट पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात.

रस्ता ओलांडायची रीत: थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे तर मुळीच यायचं नाही. एकाच संथ चालीने निघालं की दुचाक्या दोन्ही बाजूंनी वळसा घेतात. मुंबईकराला हे जमतं, पण त्याची मध्येच हात दाखवून थबकायची सवय इथे घात करते.

हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी, सोमवारी आणि शुक्रवारी बंद.

इथून पुढे ‘चाय’ हा शब्द चहा नव्हे. ‘कॉम चाय’ पाटी म्हणजे शाकाहारी खानावळ. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, बौद्ध घरांत मांस वर्ज्य असतं आणि रस्त्यावरच्या गाड्यांवरही चाय पदार्थ लागतात. पंचांग बघून प्रवास आखण्याचा हा एक खरा फायदा.

दिवस १९ व २० : निन्ह बिन्ह

रेल्वेने सव्वादोन तास. भातखाचरांतून उठलेले चुनखडीचे सुळके. त्रांग आनची वल्ह्याची होडी तीन तासांची, २,५०,००० डोंग, गुहांतून जाते. सकाळी आठच्या आत रांगेत उभं राहावं. दोघेच असाल तर होडी भरायला आणखी दोघे शोधतात, तेवढी वाट पाहावी लागते. मुआ गुहेच्या पाचशे पायऱ्या संध्याकाळी, पावसानंतर नाही.

विसाव्या रात्री हुएची गाडी. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक विषम असतात. चार बर्थचा डबा घ्यावा. सहा बर्थच्या डब्यात सगळ्यात वर उठून बसताच येत नाही.

दिवस २१ व २२ : हुए

राजवाड्याचा कोट २,००,००० डोंग, तीन तास. १९६८ च्या लढाईत आतला बराच भाग जमीनदोस्त झाला, त्यामुळे मोकळी हिरवळ दिसते तिथे दालनं होती असं समजावं. ‘बुन बो हुए’ हा गावचा प्रसिद्ध रस्सा गोमांस आणि डुकराचा. पण देवळांचं शहर असल्याने शाकाहारी जेवण इथल्याइतकं चांगलं पूर्ण मार्गात नाही.

इथून हाय वान घाट दुचाकीवरून करायची टूम आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसार मिळतो. व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं, आणि भारत त्यात नाही. म्हणजे भाड्याची गाडी कुणीही देईल, पण कायद्याने तुम्ही विनापरवाना. अपघात झाला तर विमा कंपनी एक पैसा देत नाही. मागे बसून जावं, नाहीतर रेल्वे आहेच.

दिवस २३ ते २६ : होई आन आणि मी-सन

हुए ते दा नांग रेल्वे तीन तासांच्या आत, दिवसाचीच घ्यावी, डाव्या खिडकीला. समुद्र रुळाच्या खाली लागतो. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून तीस किलोमीटर. कपडे शिवायला टाकायचे तर पहिल्याच दुपारी. दोन मापं द्यावीच लागतात आणि दुसऱ्या मापाआधी पूर्ण पैसे देऊ नयेत.

मी-सन पंचवीसाव्या दिवशी, एकटं. होई आनपासून चाळीस किलोमीटर, पहाटे निघून उघडताच आत. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य केलेल्या चाम राजांची ही शिवमंदिरं चौथ्या ते तेराव्या शतकातली. राजा भद्रवर्मन याने इथल्या देवाला नाव दिलं भद्रेश्वर. राजाने आपलं नाव देवाला जोडायची ही रीत. विटा एकमेकींवर अशा बसवल्या आहेत की मधे चुना दिसत नाही. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत सगळ्यात उंच देऊळ कोसळलं, बाँबचे खड्डे वाटेशेजारी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१७ पासून ए, एच, के या गटांतल्या देवळांची डागडुजी केली आणि मे २०२० मध्ये तिथे नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग जमिनीतून निघालं. टोळकी बी-सी-डी गटांवरून परत फिरतात. पुढे ए गटापर्यंत चालत गेलात तर आसपास कुणी नसतं. आत तेल-फूल वाहू नये, मूर्तीला हात लावू नये. दा नांगचं चाम शिल्प संग्रहालय या भेटीनंतर पाहावं, आधी नाही. डोकं नसलेल्या मूर्ती कुठल्या चौथऱ्यावरच्या ते मग कळतं.

दिवस २७ ते २९ : हो ची मिन्ह सिटी

दा नांगहून रेल्वे सतरा तास, सत्ताविसावी रात्र गाडीत. शहरात युद्धावशेष संग्रहालय आणि कू चीची भुयारं एवढं पुरे. भुयारं दोन ठिकाणी पाहता येतात: बेन दिन्हला गर्दी, बेन दुओक लांब पण मोकळं. फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात धरून नकाशा पाहू नये, मागून दुचाकी येते आणि फोन जातो. भिंतीकडे तोंड करून पाहावा.

दिवस ३० व ३१ : नोम पेन्ह

बस सहा-सात तास, मोक बाय-बावेत चौकी. व्हिसा चौकीवर ३० डॉलर. बसचा मदतनीस पासपोर्ट गोळा करून पस्तीस-चाळीस मागतो. ‘मी स्वतः करतो’ म्हणता येतं, पण खिडकीवर वेळ लागला तर बस थांबेल याची खात्री त्याच्याकडून आधी घ्यावी. कंबोडियात डॉलर चालतो, सुटे रिएलमध्ये मिळतात, साधारण चार हजाराला एक. एटीएम शंभराची नोट देतं, ती हॉटेलातच मोडावी.

तुओल स्लेंगची शाळा (ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला) आणि चोउंग एकचं मैदान (तिथे कैद्यांना मारत) एकाच दिवशी पाहायचं तर सकाळी सुरुवात करावी आणि संध्याकाळ मोकळी ठेवावी. ऑडिओ गाइड घ्यावाच, पाट्यांवर फारसं लिहिलेलं नाही.

दिवस ३२ ते ३५ : सिएम रीप आणि अंकोर

बस सहा तास. पासाचे दर २०१७ पासून एक दिवस ३७, तीन दिवस ६२, सात दिवस ७२ डॉलर. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कधीही वापरता येतो, तोच घ्यावा. बत्तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाचला तिकीटघरातून घेतला तर त्याच दिवशीचा सूर्यास्त फुकट आणि पासाची गणना दुसऱ्या दिवसापासून.

अंकोर वाट पहाटे पाचला उघडतं, बाकीची बहुतेक देवळं साडेसातला. तळ्याकाठी सूर्योदयाला हजारभर माणसं असतात आणि ऊन वर आलं की सगळी न्याहारीला जातात. साडेसहा ते आठ हा खरा वेळ. आपण प्रदक्षिणा उजवीकडे देव ठेवून घालतो, इथली शिल्पं उलट वाचायची: पश्चिमेच्या दारातून आत येऊन उजवीकडे वळावं, देऊळ डाव्या हाताला. पहिलं येतं कुरुक्षेत्र, शरशय्येवरचे भीष्म ओळखता येतात. मग दक्षिणेला सूर्यवर्मन राजाची मिरवणूक आणि स्वर्ग-नरक. पूर्वेला समुद्रमंथन, एकोणपन्नास मीटर, ९२ असुर आणि ८८ देव वासुकी ओढताहेत. सकाळचं ऊन याच भिंतीवर येतं. वर बाकानला, म्हणजे देवळाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, चढायला खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बौद्ध पवित्र दिवशी ते बंद असतं, तेव्हा पौर्णिमा टाळावी.

दुसऱ्या दिवशी छोटी फेरी, १७ किलोमीटर: बायोन, बाफुओन, ता प्रोम. ता प्रोमच्या मुळांखालच्या भिंती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उभ्या ठेवल्या आहेत. तिसऱ्या दिवशी बांतेय स्रेई, ३७ किलोमीटर, ९६७ मधलं, गुलाबी दगडाचं आणि इतकं लहान की तास पुरतो. टुकटुक दिवसाला ठरवावा, सूर्योदयाचे आणि बांतेय स्रेईचे जादा पैसे आधीच बोलून.

दिवस ३६ : परत

ऑक्टोबर २०२३ पासून सिएम रीपचा विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटर दूर गेला, टॅक्सीला तास धरावा. नोम पेन्हचाही सप्टेंबर २०२५ पासून नवा आहे. बँकॉकमार्गे दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा आत-बाहेर करावं लागतं, म्हणजे थायलंडचं आगमनपत्र पुन्हा भरायचं आणि मध्ये पाच तास ठेवायचे. एकाच तिकिटावर असेल तर सामान थेट मुंबईचं लावलंय का, ते पट्टीवरचं अक्षर वाचून काउंटर सोडावं.